डावीकडचा ब्रेक

धुळ्यात अठ्ठावीस वर्षं मी डाव्या सीटवर बसून गाडी चालवली.
स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात,
माझ्या पायाखाली एक जादा क्लच, एक जादा ब्रेक,
देवपूरच्या हमीद वेल्डरनं सळई टाकून जोडलेला.
शिकणाऱ्याचा पाय चुकला की माझा पाय बोलायचा.
शब्द फारसे लागायचे नाहीत.
शिव्या लागायच्या.

लळिंगच्या चढावर मुद्दाम थांबवायचो.
मागे ट्रक, हॉर्नवर हॉर्न.
सोडा क्लच, म्हणायचो. हळू. अजून नाही.
आता तळपायाला काहीतरी कळेल,
वासरानं दावं ओढावं तसं.
तिथं थांबा. तिथंच.
आता हँडब्रेक.
हे ज्याला जमलं
त्याच्याकडे मी लायसन्सच्या आधीच पेढे मागायचो.

एप्रिलात निर्मला अहिरराव आल्या,
मुख्याध्यापिका, निवृत्तीला दोन महिने,
म्हणाल्या, माझ्याच नव्या गाडीवर शिकवा.
किल्ली पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर,
आणि गाडी चालू.
मी दोनदा विचारलं, झाली का चालू?
हिरवा दिवा आहे ना सर, म्हणाल्या,
वर्गातल्या मुलाला सांगावं तसं.

गिअरच्या जागी मिक्सरसारखी गोल चकती.
हँडब्रेकच्या जागी बटण, पेराएवढं.
एसी सगळा काचेच्या आत,
आणि काच दुपारी तव्यासारखी.
बाईंनी पदर गुंडाळून बोट टेकवलं
तर तिला बोट ओळखू येईना.

लळिंगला थांबवलं. जुनी खोड.
म्हटलं, सोडा आता ब्रेक.
सोडला.
गाडी मागे आली नाही. इंचभरही नाही.
ट्रकवाला मुकाट बाजूनं निघून गेला.
माझा उजवा पाय जीव खाऊन दाबलेला,
खाली नुसती मॅट.
उजवा हात दोन सीटांमधल्या खाचेत दांडा शोधत होता,
हाताला लागला बाईंच्या चष्म्याचा डबा.
काय शोधी राह्यनात सर?
शाळेतली मराठी सोडून त्यांनी विचारलं.
काही नही, म्हटलं. तुमना चष्मा.

आठ दिवसांत शिकल्या.
त्यांच्याकडे विसरायला काही नव्हतं.

हमीदला गाडी दाखवली.
आडवा होऊन खाली पाहून आला, पाठीला माती.
ब्रेकची सळई टाकतो, म्हणाला, पण वॉरंटी जाईल.
आणि क्लच कशाला जोडू?
क्लचच नाही.

त्या रात्री माझ्या जुन्या आठशेत जाऊन बसलो.
हँडब्रेक ओढला. कर्र कर्र कर्र कर्र.
चार दात. पाचवा लागला की समजायचं, तार सैल झाली.
आता तार तरी मला कुठे दिसायची?
तीही गाडीच्या पोटातच.
पण तुटायच्या आधी आठ-आठ दिवस सांगायची,
क्लच जड व्हायचा, एकेक धागा सुटत जायचा.
एकदा फागण्याजवळ तुटलीच,
तर इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकत
क्लचशिवाय घरी आणली होती.
बायको शेजारी, मांडीवर वांग्यांची पिशवी.
तिला कळलंही नाही.
मी सांगितलंही नाही, का कोण जाणे.
बाईंच्या गाडीत काही बिघडलं
तर इंग्रजीत एक पिवळी ओळ येते.

मे अखेरीस त्यांचा निरोपसमारंभ.
मला न्यायला स्वतः आल्या.
सोनगीरच्या अलीकडे शेळी आडवी आली,
मागोमाग तिचं पिल्लू.
गाडी थांबली. हातभर अंतर ठेवून.
पिल्लानं आमच्याकडे पाहिलं आणि लेंड्या टाकल्या.
बाई म्हणाल्या, बघा सर, वेळेवर दाबला.
मी म्हटलं, मी दाबला.
माझा पाय अजून मॅटवर रुतलेला होता.
गाडी काही बोलली नाही.